घरी घडवलेल्या कॅम्पर व्हॅनला कायद्याचा रस्ता हवा

मागची आसने काढायची, तिथे प्लायवूडचा पलंग बसवायचा, पलंगाखाली कपड्यांचे आणि भांड्यांचे कप्पे करायचे, छतावर एक-दोन सोलर पॅनेल चढवायची, मागच्या दाराशी शेगडी आणि पाण्याची टाकी मांडायची. साधी व्हॅन अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळूहळू कॅम्पर व्हॅन होते ती अशी. डांबरी रस्ता सोडून पुढे जायचे असेल तर आणखी भर पडते: खोल नक्षीचे टायर, उंचावलेले सस्पेन्शन, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा, गाडी रुतली तर ओढून काढण्यासाठी हूक. स्वतःच्या हातांनी गाडी घडवून स्पिती-लडाखला जाणारी किंवा कोकणातल्या कच्च्या वाटांवर मुक्काम करणारी माणसे आता मराठी मुलखातही दिसू लागली आहेत. आपल्याकडे या हौसेकडे दोनच नजरांनी पाहिले जाते. एक कौतुकाची, दुसरी पोलिसी. या गाडीची नीट तपासणी कोण करणार, हा प्रश्न दोन्ही नजरांतून सुटतो, आणि खरा प्रश्न तोच आहे. आजच्या व्यवस्थेने घरी होणारे बदल थांबवलेले नाहीत. तिने त्या बदलांची तपासणी मात्र थांबवली आहे. म्हणून एकेका गाडीची तपासणी करून तिला कायदेशीर नोंद देणारा सोपा, काटेकोर मार्ग सरकारने खुला करावा. मालकांनीही त्या मार्गाची शिस्त मनापासून स्वीकारावी.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते, अशी बदलाची व्याख्याही त्याच कलमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवताना ही तरतूद कडकपणे वाचली आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आले. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पाच आसनांची गाडी दोन आसनांची झाली की आरसीवरची आसनसंख्या खोटी ठरते. छत कापून उंच केले की बॉडीचा प्रकार बदलतो. काढता-घालता येणारा पलंग हा बदल की नुसते सामान, याचे उत्तर मात्र ज्या अधिकाऱ्यासमोर गाडी उभी राहते त्याच्यावर अवलंबून राहते. प्रामाणिक मालकालाही आपण कायद्यात बसतो की नाही हे आधी कळू शकत नाही, ही या स्थितीतली पहिली उणीव आहे.

मात्र हाच कायदा बदलांना सरसकट विरोध करत नाही, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. पेट्रोलच्या गाडीत सीएनजी किट बसवण्याची मुभा कित्येक वर्षे आहे. डिकीत साधारण २०० बार दाबाची टाकी बसते. किट मान्यताप्राप्त असावे लागते, ते अधिकृत केंद्रातच बसवावे लागते, आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. एवढ्या दाबाचा वायू कुटुंबाच्या पाठीशी ठेवण्याचा धोका आपण नियमांच्या चौकटीत आणून सांभाळला आहे. दुसरे उदाहरण दिव्यांगांच्या वाहनांचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्येच अशी सोय आहे की मालकाने आपले वाहन दिव्यांग व्यक्तीला वापरता येईल असे बदलून घ्यावे आणि नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. अट एवढीच, की तो बदल केंद्राने ठरवलेल्या निकषांत बसला पाहिजे. त्याच दुरुस्तीने इतर बदलांसाठीही निकष आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे संसदेत नवा कायदा आणण्याची गरज नाही. अधिकार हातात आहे, तो कॅम्पर व्हॅनसाठी वापरायचा आहे.

यावर कोणी म्हणेल की कॅम्पर व्हॅनसाठी मानक आधीच आहे. ते खरे आहे. एआयएस-१२४ हे मोटार कॅराव्हॅनच्या मान्यतेचे मानक आहे, आणि केंद्राने जाहीर केलेल्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वेगळा उल्लेखही आहे. महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणेही आणली. पण प्रकार-मान्यतेची पद्धत उत्पादकासाठी आखलेली असते. एक नमुना तपासायचा आणि त्याबरहुकूम शेकडो गाड्या बनवायच्या, असे तिचे गणित आहे. नमुन्याच्या चाचण्यांचा खर्च त्या शेकडो गाड्यांवर वाटला जातो. आपल्या वापरासाठी एकच गाडी घडवणाऱ्या सुताराला, शिक्षकाला किंवा निवृत्त बँक कर्मचाऱ्याला ते दार उघडे असून नसल्यासारखे आहे. परिणामी पैसेवाला प्रवासी कंपनीकडून तयार कॅराव्हॅन विकत किंवा भाड्याने घेऊ शकतो. मध्यमवर्गीय माणूस मात्र तेच काम स्वतःच्या कष्टाने केल्यावर कायद्याच्या बाहेर पडतो.

कायद्याबाहेर पडलेला माणूस काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. तो गाडी कोणाला दाखवत नाही. जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलावण्याऐवजी व्हिडिओ पाहून वायरिंग करतो. विमा कंपनीला बदल कळवला तर प्रश्न निघतील म्हणून गप्प राहतो, आणि न कळवलेला बदल हेच पुढे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. अपघातात तिसऱ्याच कोणाचे नुकसान झाले तर भरपाईचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळतो. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी न्यायची वेळ आली की पलंग उचकटून आसने परत बसवली जातात आणि शिक्का मिळाल्यावर पलंग पुन्हा आत येतो. निरीक्षकाने पाहिलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी, या दोन वेगळ्या गाड्या असतात. ज्या वायरी, ज्या शेगड्या, जे स्क्रू तपासायला हवे होते ते नेमके तपासणीच्या वेळी गाडीत नसतात. बंदीचा हेतू सुरक्षितता असेल, तर तिने साधलेला परिणाम उलटा आहे.

आता या गाड्यांतला धोका नेमका कुठे असतो ते पाहू, कारण तपासणी कशाची करायची हे त्यावरून ठरते. पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित धोका वजनाचा. आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन असे दोन आकडे असतात. लहान व्हॅनमध्ये दोहोंतला फरक पाच-सहाशे किलोच्या आसपास भरतो, आणि माणसांसकट सगळे त्यात बसवायचे असते. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर प्लायवूडचा एक ताव तीस किलोंच्या पुढे जातो. पलंग आणि कपाटांना तीन ताव लागले की खिळे-बिजागऱ्यांसह शंभर किलो झाले. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी ५५ ते ६० किलोंची. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. छतावरचा कॅरियर आणि तंबू ऐंशी किलो, सोलर पॅनेल आणि त्यांची चौकट तीस, फ्रिज वीस, शेगडी आणि लहान सिलिंडर वीस, कपडे-शिधा-हत्यारे साठ. दोन माणसांचे १४० किलो धरा. बेरीज ५७० होते. काढलेल्या आसनांचे पंचवीस-तीस किलो वजा केले तरी गाडी मर्यादेला टेकलेली असते आणि मुलांना बसवायला जागा उरली तरी वजनाला उरत नाही. ही बेरीज कागदावर करणारे थोडे, आणि तयार गाडी वजनकाट्यावर नेणारे त्याहून थोडे. साखर कारखाना आणि खडी क्रशर असलेल्या या राज्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. भरलेल्या गाडीचे पुढच्या आणि मागच्या आसाचे वेगवेगळे वजन असलेली पावती, ही कोणत्याही मंजुरीची पहिली अट असायला हवी.

खडबडीत वाटांसाठी केलेल्या सुधारणा हा धोका अनेकदा वाढवतात. गाडी मागून बसू लागली की मेकॅनिक पाट्यांत एक पान वाढवून देतो. गाडी पुन्हा ताठ उभी राहते आणि मालकाला वाटते की तिची ताकद वाढली. प्रत्यक्षात ब्रेक, आस, चाकांचे बेअरिंग आणि चासी जिथल्या तिथे आहेत. गाडी बसत होती हा जादा वजनाचा इशारा होता, तेवढा दिसेनासा झाला. वरंधा किंवा आंबा घाट उतरताना ब्रेकना तेच जादा वजन थोपवावे लागते. ते तापतात आणि ऐन वळणावर पकड कमी होते. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला तर काटा ८० दाखवताना गाडी ८८ च्या वेगाने धावते, आणि मोठे चाक थांबवायला ब्रेकना जोरही जास्त लावावा लागतो. छतावर ऐंशी किलो चढवून सस्पेन्शन उंचावले की गुरुत्वमध्य दुहेरी वर सरकतो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. पुढे लावलेल्या लोखंडी बुल बारबद्दल तर दुमत नको. धडकेत पादचाऱ्याला होणारी इजा तो वाढवतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्याविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले ते योग्यच होते आणि ती बंदी कायम राहिली पाहिजे. तपासणीचा मार्ग मागणे म्हणजे हवे ते बसवण्याची मोकळीक मागणे नव्हे. खरोखर कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याला कारखान्याने सुचवलेल्या मापाचे मजबूत टायर, इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, चासीला नीट बांधलेला ओढण्याचा हूक आणि हलके सामान एवढ्यावर खूप पुढे जाता येते. नियमांनी हा साधेपणा सोपा करावा आणि उंचवट्याचा हव्यास अवघड करावा.

दुसरा धोका विजेचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गाडीत १२ व्होल्टची व्यवस्था असते. विद्युतदाब कमी, म्हणून तीच शक्ती मिळवायला प्रवाह प्रचंड लागतो. हजार वॉटची शेगडी इन्व्हर्टरवर चालवली तर बॅटरीतून ८३ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो; इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर नव्वदच्या पुढे. घरातल्या जाड प्लगच्या वायरीला सोळा अँपिअरची सवय. तीच वायर उरलीसुरली म्हणून गाडीत ओढली तर ती पलंगाखाली गाद्यांना लागून तापत राहते. एक साधी जागा जवळून पाहण्यासारखी आहे. बॅटरीची लाल वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून मागे नेलेली असते. त्या भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर खडखडणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची कड वायरीचे प्लास्टिक घासत राहते. काही शे किलोमीटरांनी तांबे उघडे पडते आणि गाडीच्या पत्र्याला टेकते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर फ्यूज असेल तर तो उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. फ्यूज नसेल तर वायर लालबुंद होते आणि शेजारी प्लायवूड, फोम, चादरी असतात. ग्रोमेट आणि फ्यूज यांचा खर्च किरकोळ आहे. ते आहेत की नाहीत हे प्रशिक्षित डोळ्याला काही मिनिटांत दिसते. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तिरप्या गाडीत तिच्यातले आम्ल सांडू शकते, म्हणून ती झोपायच्या जागेत उघडी ठेवू नये. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये, हे लडाखच्या थंडीत गाडी नेणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. अशा गोष्टी नियमावलीत आल्या तर त्या सगळ्यांना कळतील. आज त्या नशिबाने कळतात.

तिसरा धोका आगीचा आणि धुराचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली की तो खाली साचतो आणि वरची खिडकी उघडी असली तरी बाहेर जात नाही. सिलिंडरचा कप्पा आतल्या जागेपासून बंद आणि तळाला बाहेर उघडणारे छिद्र असलेला हवा. बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा चालू इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरते. त्या वायूला वास नाही, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. म्हणून इशारा देणारे यंत्र सक्तीचे हवे. आणि बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस दुर्घटनेत २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. बस दाराच्या बाजूवरच उलटली आणि आग लागल्यावर आतल्यांना वाट उरली नाही. व्हॅन लहान असली तरी तत्त्व तेच. एका बाजूचे दार कपाटाने बंद केलेले आणि मागचे दार शेगडीने अडवलेले असेल तर ती गाडी कितीही देखणी असो, तिला मंजुरी मिळता कामा नये. प्रवासात कोणी पलंगावर झोपलेले असू नये आणि कारखान्याने दिलेल्या बेल्टच्या आसनांइतकीच माणसे गाडीत असावीत, हाही नियम विनातडजोड हवा.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहिले तर मार्ग अशक्य नाही हे दिसते. जर्मनीत असा बदल अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. घरी घडवली म्हणून गाडी बाद होत नाही, आणि सदोष असेल तर सूटही मिळत नाही. ब्रिटनमध्ये मालक व्हॅन बदलून परवाना यंत्रणेला छायाचित्रांसह कळवतो. तिथल्या निकषांत किमान १८०० मिलिमीटर लांबीचा पलंग, बसण्या-जेवण्याची जागा, कपाट आणि पक्की बसवलेली शेगडी येते. त्याशिवाय बाहेरून गाडी कॅराव्हॅनसारखी दिसावी म्हणून बाजूंवर चित्रपट्टे आणि कनात बांधायची दांडी अशाही अटी आहेत. या बाह्य अटींवर तिथे बरीच टीका झाली आहे. त्यातून आपण धडा घ्यावा: गाडी कशी दिसते हे न तपासता ती कशी वागते ते तपासावे. तिथली जमेची बाजू अशी की निकषांत न बसलेली गाडीही बेकायदा ठरत नाही. ती खिडक्यांची व्हॅन म्हणून नोंदलेली राहते आणि तिलाही दरवर्षीची रस्तायोग्यता चाचणी चुकत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या यंत्रणेबद्दलचा आहे. मोटार वाहन निरीक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे. त्यांनी एकेका गाडीचा पलंग आणि फ्यूज कधी तपासायचा? शिवाय एकेका गाडीला मंजुरी म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी, असेही लोक म्हणतील. ही भीती निराधार नाही. पण आजच्या संदिग्धतेत चिरीमिरीला जागा अधिक आहे, कारण नियम स्पष्ट नसला की अधिकाऱ्याची मर्जी हाच नियम होतो. मोजता येणाऱ्या अटी असल्या की मर्जी आकसते. वजनाची पावती आकड्यात असते, फ्यूजचे मूल्य आकड्यात असते, ब्रेकची क्षमता यंत्र मोजते. व्यावसायिक वाहनांच्या योग्यता चाचणीसाठी देशात स्वयंचलित चाचणी केंद्रे उभी राहत आहेत. तिथे ब्रेक, सस्पेन्शन आणि दिवे यंत्रावर तपासले जातात. भरलेली कॅम्पर व्हॅन त्याच यंत्रावर उभी करता येईल. वायरिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा आणि गॅससाठी अधिकृत फिटरचा दाखला घ्यावा, त्यावर त्यांचा परवाना क्रमांक असावा आणि खोट्या दाखल्याला शिक्षा असावी. शुल्क मालकाने भरावे. या गाड्यांची संख्या व्यावसायिक वाहनांच्या तुलनेत नगण्य आहे, त्यामुळे यंत्रणा कोलमडण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की ही मूठभर हौशींची चैन आहे आणि सरकारने यात वेळ घालवू नये. चैनीच्या गाड्यांना बाजाराची सोय आधीच आहे. नियमांची गरज स्वतःच्या हातांनी काम करणाऱ्यालाच आहे. शिवाय हा प्रश्न गाडीच्या मालकापुरता राहत नाही. घाटात समोरून येणारा दुचाकीस्वार, एसटीतले प्रवासी, मुक्कामाच्या गावातली माणसे या सगळ्यांचा तिच्या ब्रेकशी आणि सिलिंडरशी संबंध येतो. यातून मिळणारे कौशल्यही कमी मोलाचे नाही. वजनाचा हिशेब, कमी दाबाची वीज, उष्णतारोधन, सुतारकाम हे ज्ञान फिरत्या दवाखान्यात, ग्रंथालयाच्या गाडीत, शेतमालाच्या शीत वाहनात तितकेच उपयोगी पडते. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देऊन कर बुडवला जाईल अशी शंका असेल तर खासगी कॅम्पर व्हॅन भाड्याने देण्यास स्पष्ट मनाई आणि व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना, हे आजच्या कायद्यातही शक्य आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: अशा गाड्या वाढल्या तर डोंगर, सडे आणि किनारे यांचे काय? ही चिंता रास्त आहे आणि तिला उडवून लावणारा कॅम्पर व्हॅनचा समर्थक स्वतःच्याच हौसेच्या मुळावर येतो. रत्नागिरीच्या जांभ्या सड्यांवरची कातळशिल्पे जमिनीच्या पातळीत कोरलेली आहेत. उक्षी, काशेळी, बारसू परिसरातल्या या शिल्पांवरून, ती दिसली नाहीत म्हणून, चाक सहज जाऊ शकते. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग असलेल्या कासच्या पठारावर मातीचा थर इतका पातळ आहे की चाकाने उखडलेली जागा लवकर भरून येत नाही. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूत पडलेल्या चाकोरीत नुकतेच बाहेर आलेले पिल्लू अडकते आणि समुद्रापर्यंत पोहोचत नाही. पण या जागी आज कारखान्यातून आलेल्या, कोणताही बदल न केलेल्या चारचाकीही घातल्या जातात. नासधूस पलंगाने होत नाही, गाडी नको तिथे नेल्याने होते. नोंदणीकृत कॅम्पर व्हॅनवर उलट जास्त जबाबदारी टाकता येते: सडे, पठारे, किनारे आणि राखीव वनांत घुसल्यास नोंद रद्द, सांडपाण्याची बंद टाकी सक्तीची, शौचाची सोय गाडीत. न्यूझीलंडने २०२३ च्या कायद्याने स्वयंपूर्ण गाडीच्या प्रमाणपत्रासाठी पक्के बसवलेले शौचपात्र आवश्यक केले, ते नेमके याच कारणासाठी. नोंदच नसलेल्या गाडीवर अशी कोणतीही अट घालता येत नाही.

म्हणून मागणी तीन पायऱ्यांची असावी. सहज काढता येणारे सामान, म्हणजे सुटा पलंग, सुटी टाकी, सुटी शेगडी, हे एकूण वजनाच्या मर्यादेत आणि नीट बांधलेले असेल तर त्याला परवानगीची गरज नाही, हे नियमात लिहून टाकावे. आसने काढून पक्के फर्निचर, दुसरी बॅटरी, सोलर आणि पाण्याची व्यवस्था बसवलेल्या गाडीला वजनाची पावती, वीज-गॅसचे दाखले आणि चाचणी केंद्रावरची तपासणी यांच्या आधारे आरसीवर खासगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंद मिळावी, आणि ही तपासणी दर दोन-तीन वर्षांनी व्हावी. छत कापणे, आस किंवा सस्पेन्शन बदलणे, नवी आसने बसवणे अशा रचनात्मक बदलांना मात्र चाचणी संस्थेच्या अभियंत्याची आधी मंजुरी असल्याखेरीज हात लावता येऊ नये. नियम केंद्राला करायचे आहेत, पण पुढाकार महाराष्ट्राने घ्यायला हवा. वाहनांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा तीन या राज्यात आहेत. त्यांनी मिळून एकेका गाडीसाठीची तपासणीसूची तयार करावी, परिवहन विभागाने एका चाचणी केंद्रावर ती राबवून पाहावी आणि अनुभव केंद्राकडे पाठवावा. कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणणाऱ्या राज्याला हे जड नाही. आणि ज्यांनी आपल्या हातांनी गाडी घडवली आहे किंवा घडवायला घेतली आहे त्यांनी सरकारची वाट पाहू नये. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी, बॅटरीजवळचा फ्यूज पाहावा, गॅसचा कप्पा आणि दुसरी वाट तपासावी, विमा कंपनीला लेखी कळवावे. तपासणीचा हक्क मागणाऱ्याने ती आधी स्वतःवर लागू केली, तर त्या मागणीला नकार देणे कोणत्याही सरकारला कठीण जाईल.